उत्तर टोकाची जाळेवाली

आमच्या बेटावर मेलेला माणूस उत्तरेकडे जातो. तिथे वाळूच्या टोकावर नाकाआ नावाचा म्हातारा जाळं विणत बसलेला असतो. नाव नाकाआ, आणि काम अगदी नाक्यावरच्या शिपायाचं. येणाऱ्या जीवाला अडवायचं, जन्मभर काय काय केलंस ते विचारायचं, आणि उत्तर पटलं नाही की जाळ्यात गुंडाळायचं. रविवारी चर्चमध्ये आम्ही याबद्दल अवाक्षर काढत नाही. पण शेवटच्या विहिरीच्या उत्तरेला कुणी घर बांधत नाही, हे आपलं सहजच.

तेमारोआने बांधलं.

तिला तिकडे कुणी हाकललं नव्हतं, असं गावातला प्रत्येकजण छातीठोकपणे सांगेल आणि ते खरंही आहे. बारानिको नर्सने तिच्या पाठीवरचे बधिर चट्टे पाहिले, कुष्ठरोग आहे म्हणून सांगितलं, गोळ्यांचं पाकीट दिलं. "वर्षभर घे. बरी होशील. आणि गोळ्या चालू झाल्या की तुझ्यापासून कुणाला काही होत नाही," असं त्याने तिला आणि गावाला दोघांनाही बजावलं. गावाने मान डोलावली. मग मानेआबात, म्हणजे त्या मोठ्या छपराखाली जिथे सारं गाव बसतं-बोलतं तिथे, तिच्या शेजारच्या चटया हळूहळू सरकायला लागल्या. तिने भाजलेला नीरफणस लोकांना कडू लागायला लागला. वादळाने तिचं छप्पर उडवलं, तर ते शाकारून देणाऱ्या सगळ्यांच्या कमरा नेमक्या त्याच आठवड्यात धरल्या. तेव्हा तेमारोआने चार भांडी आणि नवऱ्याचं अर्धवट विणलेलं जाळं उचललं आणि विहिरीपलीकडे, आईच्या वाट्याच्या जमिनीच्या पट्टीवर जाऊन राहिली. बाई मानी. कुणापुढे रडणार नाही.

तसं रडण्यातही आता अडचण होती. महिन्यातून एकदा बारानिको तिला आपल्यासमोर लाल कॅप्सूल गिळायला लावायचा, आणि त्या दिवशी तिचे अश्रू तांबडे यायचे. रोजच्या गोळ्या दोन रंगांच्या, एक पांढरी आणि एक तपकिरी. तपकिरीने कातडी काळवंडते, औषध संपलं की उतरते, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि पाण्यात वाकून आपलाच चेहरा न ओळखणं वेगळं. चार-सहा महिन्यांत ती जळक्या करवंटीच्या रंगाची झाली.

तिचा नवरा मासेमारीला गेला तो परत आला नव्हता. त्याचं जाळं तेवढं राहिलं होतं. दुसरं काम नाही म्हणून ती झोपडीपुढे बसून तेच पुरं करायला लागली. बोटांना स्पर्श कळत नसे, म्हणून दोरा चिमटीत आहे की सुटला ते तिला दर वेळी डोळ्यांनी बघावं लागे. त्यामुळे मान सतत खाली आणि हात संथ.

आता तुम्हीच बघा. उत्तरेचं टोक. एकटीच बसलेली काळी आकृती. आणि मांडीवर जाळं.

पहिल्यांदा पोरं पळाली तेव्हा तिला हसू आलं. टळटळीत दुपारी ती जाळं खांद्यावर टाकून पाण्यातून येत होती आणि खेकडे धरायला आलेली चार पोरं सगळं टाकून बोंबलत पळाली. तिने त्यांचे खेकडे उचलून नेले आणि भाजून खाल्ले. हसू गेलं ते बाउरो म्हाताऱ्यामुळे.

बाउरो भर दुपारी काठी टेकत आला. ओहोटी लागलेली, वारा पडलेला, एक झावळी हलत नव्हती. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला, वर न बघता बोलायला लागला. "विहिरीकडची चार माडाची झाडं माझी नव्हेत. भावाची. तो मेल्यावर मी माझी म्हणून सांगितलं. त्याचं डुक्करही मीच मारलं होतं."

"बाउरोदादा, हे मला कशाला सांगतोस?" तेमारोआ म्हणाली.

"विचारायच्या आधी सांगितलं म्हणजे बरं," म्हातारा म्हणाला. मग भीतभीत, "पटलं का?"

ती काय बोलणार? "पटलं, पटलं. जा घरी," म्हणाली. तो समाधानाने उठला, घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठलाच नाही.

त्या दिवसापासून तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. एखाद्या दिवशी ती नेटाने काम करी आणि गावातून रडण्याचा आवाज येई. म्हातारी माणसं मरतातच, हे तिलाही कळत होतं. तरी जाळ्याची शेवटची ओळ आली तेव्हा तिने हात आखडता घेतला. एक गाठ तिने राहू दिली. रोज जाळं मांडीवर घ्यायची, जुन्या गाठी उसवायची, पुन्हा मारायची, पण ती एक मात्र मारायची नाही.

न पळणारी फक्त एकच होती. तिच्या भाच्याची, कोउराबीची पोर एरेता. आठ-नऊ वर्षांची, जिभेने तिखट. पाणी भरायला आली की विहिरीवरून ओरडायची, "आजी गं, आज कोणाला पकडलं?"

"तुझी पाळी नाही आली अजून! घागर भर आणि नीघ!" तेमारोआ ओरडायची. दिवसभरात तिच्याशी कुणी बोलायचं ते एवढंच. पोरीच्या गालावर एक फिकट डाग आहे, हे तिने लांबूनच पाहिलं होतं. डाग कसला ते ओळखलं होतं, आणि कुणाला सांगावं ते कळलं नव्हतं.

एका सकाळी कोउराबी स्वतः आला. विहिरीच्या पुढे तो आजवर आला नव्हता. चार हातांवर उभा राहिला, पायाने वाळू उकरत.

"आत्या, मी बुबुसी करायला आलोय."

तेमारोआने सुई खाली ठेवली. बुबुसी म्हणजे नातलगाने तोंड उघडून मागणं, आणि ज्याच्याकडे मागितलं त्याने देणं. नाही म्हणायची सोय नाही, आणि दिल्यावर त्याचा उच्चारही करायचा नाही. बारानिकोने आमच्या गावातली मुलगी केली आणि नातलग होऊन बसला, तर त्याची सायकल आणि दोन नवे शर्ट याच वाटेने गेले.

"माग," ती म्हणाली.

"गोळ्या. पोरीसाठी. पांढऱ्या तेवढ्या दे. तपकिरी नकोत."

"तपकिरी का नकोत?"

"काळं पडतं माणूस. पांढरीने गोरंच राहील." त्याने हे इतक्या खात्रीने सांगितलं की तिला हसावं की रडावं कळेना.

"अरे, बारानिकोकडे ने तिला. तो बघून देईल."

"नेलं की गाव बघेल. मग काय, तिलाही इकडे झोपडी बांधून देऊ?" बोलून गेला आणि मान खाली घातली. भाचा वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस कसलाही शहाणपणा करतो. तेमारोआने पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या काढून त्याच्या ओंजळीत टाकल्या. मागितलं होतं. द्यायलाच हवं होतं.

मग एके दिवशी विहिरीवरून हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे आठवडा गेला. तेमारोआ पाणी भरायला गेली की उगीच रेंगाळायची. शेवटी एका दुपारी, गाव झोपलेलं असताना, ती कोउराबीच्या घरामागे गेली आणि झावळ्यांच्या फटीतून आत पाहिलं.

मचाणावर एरेता पडली होती. तिचे ओठ निळे होते. नुसते फिके नाहीत, तर खोल पाण्यासारखे निळे. नखंही तशीच. श्वास भरभर चालला होता आणि उशाला एक बाई तेल चोळत, उत्तरेकडे पाठ करून काहीतरी पुटपुटत होती. पोरीची आई किनाउआ झावळीच्या पंख्याने वारा घालत होती. मग तिने कनवटीची पुडी सोडली, एक पांढरी गोळी काढली आणि पोरीच्या निळ्या ओठांत घातली. "सकाळी एक दिलीस ना?" तेलवाली म्हणाली. "गुण येईना म्हणून दोन-दोन देतेय," किनाउआ म्हणाली.

तेमारोआ मागच्या मागे फिरली आणि पळत दवाखान्यात गेली. बारानिकोला सगळं सांगितलं, आपण दिल्या तेही सांगितलं. तो एरवी थट्टेखोर माणूस, पण एक शब्द वेडावाकडा बोलला नाही. रेडिओवरून राजधानीतल्या, तारावाच्या डॉक्टरांना गाठलं. तिकडून खरखरत उत्तर आलं. गोळ्या ताबडतोब बंद करा, काही जणांच्या रक्ताला ती सोसत नाही, त्यातून मोठ्या माणसाची गोळी, तीही दुप्पट. ऑक्सिजन लावा. विमान पाठवतो. उशीर केलात तर पोर जाईल.

बारानिको कोउराबीकडे गेला तसा हात हलवत परत आला. "'गोळ्या? कसल्या गोळ्या?' म्हणतो. चार म्हातारे बसलेत समोर, त्यांच्यापुढे कबूल कसा करेल? नाकाआचं बोलावणं आलंय म्हणे, हलवायचं नाही. दारातनं ओढून आणू का पोरीला? माझे हात बांधलेत, तेमारोआ. तू चल. तू दिल्यास ते तू सांग."

तिने विचार केला. आपण सांगू, कोउराबी नाही म्हणेल, म्हातारे वाद घालत बसतील, आणि तोवर पोर संपेल. बोलून काही होणार नव्हतं. मागून मात्र झालं असतं. आमच्याकडे पोरही मागता येतं. मागितलेलं पोर दिलं की ते मागणाऱ्याचं होतं.

पण कोण मागायला निघालं होतं? तिला स्वतःचा काळा हात दिसला. आपण दारात उभं राहून पोर मागितलं की ते लोक काय समजतील, हे तिला स्वच्छ कळत होतं. आणि एवढं करून पोर आपल्या हातात मेली, तर? मग ती जन्मभर नाकाआच. मग तिचं तिलाही खरं वाटलं असतं. एका क्षणी तिला असंही वाटलं की कदाचित आधीच खरं असेल, कदाचित झोपेत शेवटची गाठ आपणच मारली असेल. तिला भयंकर भीती वाटली. ती झोपडीकडे धावली, जाळं उचलून गाठ पाहिली. नव्हती मारलेली. तशीच वळली आणि गावात शिरली.

भर दुपार होती. पोवळ्याच्या पांढऱ्या वाटेवर डोळे दिपत होते. कुत्री उठून बाजूला झाली. कोउराबीच्या घरापुढचे म्हातारे तिला बघून एकेक करून उभे राहिले, आणि कुणी बसा म्हणालं नाही की जा म्हणालं नाही. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. का बघताहेत ते तिला कळेना.

"कोउराबी," ती म्हणाली, "मी बुबुसी करायला आलेय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "माग," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"पोर दे."

किनाउआने असा हंबरडा फोडला की माडांवरचे पक्षी उडाले. म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच विसरला. कोउराबी हात जोडत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. तेवढ्यात मचाणावर एरेताने डोळे उघडले. आत्याआजीला पाहिलं, आणि त्या निळ्या ओठांनी अगदी हळू विचारलं, "आजी, आज माझी पाळी?"

तेमारोआला तिला समजावून सांगायचं होतं. पण थांबायला वेळ नव्हता.

"हो," ती म्हणाली. "चल."

कोउराबीने पोरीला उचललं आणि तिच्या हातांत दिलं. पोरीला धरायला तिने हात पुढे केले तेव्हा कुठे तिचं खाली लक्ष गेलं. जाळं तिच्या मुठीतच होतं. बधिर बोटांना कळलंच नव्हतं. झोपडीपासून इथपर्यंत ते तिच्यामागून वाळूत फरफटत आलं होतं.

टाकायला हात मोकळा नव्हता. ती पोरीला आणि जाळ्याला एकत्रच छातीशी धरून निघाली. अंगणाबाहेर येऊन ती डावीकडे वळली, दक्षिणेला, दवाखान्याकडे. पण तोवर डोळे उघडे ठेवून बघणारं तिथे कुणी नव्हतं.

बारानिकोने बोटाला सुई टोचली तर रक्त काकवीसारखं तपकिरी आलं. त्याने ऑक्सिजनचा मास्क लावला. विमान दुसऱ्या दिवशी आलं. पोर आता तेमारोआची, तेव्हा सोबत तीच गेली. तारावाच्या इस्पितळात पोरीला दुसऱ्याचं रक्त भरलं आणि ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले. डॉक्टरीणबाईंनी पोरीसाठी वेगळं पाकीट दिलं, त्यात पांढरी गोळी नव्हती. "आणि हे बघा, ज्याचं पाकीट त्यानेच खायचं. दुसऱ्याला द्यायचं नाही."

"मागितलं तर?" तेमारोआने विचारलं. बाई परदेशातून आलेल्या. त्या म्हणाल्या, नाही म्हणायचं. तेमारोआने मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

परत आल्या तेव्हा बारानिकोने नवीन पद्धत पाडली होती. पाकिटं दवाखान्यातच, रोज येऊन त्याच्यासमोर गिळायची, आणि कुणाला हवी तर त्याच्याकडे मागायची. "सायकल नेलीत, शर्ट नेलेत, आता चट्टे दाखवा आणि गोळ्या न्या!" तो घरोघर ओरडत फिरला. रक्त तपासूनच गोळी मिळेल, असंही सांगत होता. कुणी आलं नाही.

आणि एरेताकडेही कुणी आलं नाही. विमानतळावर माणूस नव्हता. विहिरीवर मैत्रिणी होत्या, हिने हाक मारली तर घागरी टाकून गेल्या. गावाने पोर नाकाआला दिली होती. दिलेल्याचा उच्चार करायचा नाही. रोज सकाळी विहिरीजवळच्या दगडावर पानात भाजलेला मासा ठेवलेला असे. किनाउआ ठेवायची आणि मागे न बघता निघून जायची, अगदी मेलेल्यांना ठेवतात तसंच.

तपकिरी गोळ्यांनी पोरीचाही रंग हळूहळू गडद व्हायला लागला. एका दुपारी मासा खाता खाता तिने विचारलं, "आजी, मी मेलेय का?"

"मेलेल्याला भूक लागत नाही. काटे बघून खा."

"मग आई बोलत का नाही?"

यावर तेमारोआकडे उत्तर होतं, पण ते तिला देववेना. मागून नेलेली वस्तू आपण होऊन परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर फेकणं. त्यांनीच मागायला हवं होतं, आणि नाकाआकडे परत मागायची छाती कुणाची? आणखी एक गोष्ट होती, जी ती स्वतःशीही कबूल करत नव्हती. पोर रात्री तिला चिकटून झोपायची. कितीतरी दिवसांनी कुणी तिला हात लावत होतं. पाठीला कळायचं नाही, पण पोटाला कळायचं. आज नाही, उद्या सांगू, असं करत तिने बरेच दिवस ढकलले.

मग एका सकाळी एरेताने दगडावरचा मासा खाल्ला नाही. नुसती गावाकडे बघत बसली. ते बघून तेमारोआने आज-उद्या करणं सोडलं. दुसऱ्या दिवशी ती उजाडल्यापासून दगडामागे बसून राहिली. किनाउआ आली, मासा ठेवला, वळली.

"किनाउआ, थांब. माग."

किनाउआ जागच्या जागी गोठली. "काय मागू?" वळून न बघता ती म्हणाली.

"तुझी पोर. तोंडाने माग. मला नाही म्हणता येत नाही."

किनाउआ बारीक आवाजात म्हणाली, "आणि बदल्यात कोणाला नेशील?"

"अगं खुळे!" तेमारोआ ओरडली, आणि ओरडता ओरडताच रडायला लागली. लाल कॅप्सूल आदल्या संध्याकाळीच गिळली होती, तांबडे अश्रू काळ्या गालांवरून ओघळले. "मी सत्तावीस वर्षं तुझ्या घरच्या लग्ना-मयताला जेवायला येतेय. तुझ्या बाळंतपणात पाणी मी तापवलं. बदल्यात काय नेणार मी? माग ना!"

किनाउआ वळली. एरेता तेमारोआच्या मागे उभी होती. आईने भीतभीत हात पुढे केला आणि बोटाच्या टोकाने पोरीच्या गालाला लावला. गाल गरम होता.

"मी बुबुसी करते," किनाउआ म्हणाली, आणि पुढचं तिला बोलताच आलं नाही.

"दिली," तेमारोआ म्हणाली. झोपडीकडे येऊन बसली. हाताला काहीतरी हवं म्हणून जाळं मांडीवर ओढलं. मायलेकी विहिरीपर्यंत गेल्या. तिथे पोर थांबली, आईचा हात सोडवून पळत परत आली.

"आजी, मी पण बुबुसी करायला आलेय."

"आता तू काय मागतेस, भवाने?"

"ते जाळं दे."

तेमारोआने खाली बघितलं. बोटं दोऱ्यात अडकलेली होती. एकेक सोडवायला वेळ लागला, पोर उभी राहिली. मग सगळं जाळं तिने त्या दोन लहान हातांत दिलं.

एरेता ते मागे फरफटत गावातून घेऊन गेली, मानेआबाच्या मधून, सगळ्यांच्या देखत. पोरं आधी लांब पळाली, मग जवळ आली, मग एकाने जाळ्यावर पाय दिला आणि पोरीने त्याला सणसणीत शिवी हासडली. शिवी ऐकून म्हातारे हसले. राहिलेली गाठ त्याच दिवशी किनाउआने मारली. कुणी मेलं नाही. तिच्याच खांद्यावर एक फिकट डाग होता, दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे रांगेत पहिली तीच उभी राहिली.

कोउराबी संध्याकाळी ते जाळं घेऊन पाण्यात गेला. मासे बरे लागले. आमच्याकडे वाटे घालतात तसे वाटे घातले, आणि एक वाटा घेऊन तो स्वतः विहिरीपलीकडे गेला. रिकामे हात मांडीवर ठेवून तेमारोआ बसली होती. मासा त्याने दगडावर ठेवला नाही. तिच्या हातात दिला, आणि तिच्या बोटांना कळत नाही हे माहीत होतं म्हणून, तिची मूठ आपल्या हाताने मिटवली.